तिजोरीच्या किल्ल्या आणि साहेबाचा पारा

कारकुनाला साहेब खाष्ट मिळाला, तर तो दुपारच्या चहाला चार मित्रांत मन मोकळे करतो आणि संध्याकाळची लोकल पकडतो. पण ज्याच्या सहीवर देशाची नोट चालते, त्याच्यावर साहेब डाफरू लागला, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

रिझर्व्ह बँकेच्या नशिबी हे दुखणे जन्मापासूनचे आहे. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ 1935 मध्ये गादीवर बसले. दिल्लीचे अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग यांच्याशी त्यांचे रुपयाच्या हुंडणावळीवरून आणि व्याजाच्या दरावरून बिनसले. 1937 मध्ये स्वारी पायउतार झाली, ती एकाही नोटेवर सही न करता!

परंतु खरी रंगलेली लढत ती सर बेनेगल रामा राव यांची. हे गृहस्थ जुने आय. सी. एस., अमेरिकेत आपले राजदूत होते आणि 1949 च्या जुलैत चिंतामणराव देशमुखांच्या जागी गव्हर्नर झाले. पुढल्या वर्षी देशमुखच अर्थमंत्री झाले. म्हणजे सेवेतला धाकटा साहेब झाला आणि थोरला त्याच्या हाताखाली आला. तरीही गाडा सुरळीत चालला. देशमुख स्वतः त्या खुर्चीवर बसून गेलेले; ती कुठे टोचते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते.

1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते योग्यच झाले. पण मिंट रोडवर त्याचा परिणाम काय झाला, इकडे आपले लक्ष गेले नाही. अर्थखाते टी. टी. कृष्णम्माचारींकडे आले. माणूस बुद्धीने तल्लख, मद्रासेतला यशस्वी व्यापारी, आणि जिभेला धार. (आपल्या स्वयंपाकघरातला प्रेस्टीज कुकर याच टीटीके घराण्याचा. त्या कुकरला निदान शिट्टी तरी असते.)

निमित्त वरवर क्षुल्लक होते. बँका ज्या हुंड्या ठेवून रिझर्व्ह बँकेकडून पैसा उचलत, त्यांवरचा स्टँप मंत्र्यांनी 1956 अखेर एकदम वाढवला. बँकेचा जाहीर दर साडेतीन टक्के. पण स्टँप धरला की पैसा चार टक्क्यांना पडू लागला. म्हणजे दर ठरवायचा अधिकार गव्हर्नरचा, आणि तो वाढवला मंत्र्यांनी, तोही मागल्या दाराने! बँकेच्या मध्यवर्ती मंडळाने ठराव केला की, असे काही करण्याआधी आम्हांला विचारत जा. मंत्री उसळले. बँक ही आपल्या खात्याचीच एक शाखा, असा त्यांचा सूर होता; आणि बोलण्यातला उर्मटपणा तर रामा रावांना असह्य झाला.

त्यांनी नेहरूंकडे दाद मागितली. पंडितजींनी मंत्र्यांची बाजू घेतली. बँकेने सल्ला जरूर द्यावा, पण सरकारच्या धोरणाबाहेर जाता येणार नाही. जमत नसेल तर राजीनाम्याची वाट मोकळी आहे, असा एकूण निरोप. कायद्याच्या अंगाने पंतप्रधान अगदीच चुकीचे नव्हते. गव्हर्नरशी विचारविनिमय करून सरकारने बँकेला आदेश द्यावेत, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात सातव्या कलमात आहे. मात्र त्यातला विचारविनिमय हा शब्द शोभेचा नाही, आणि रामा रावांचे भांडण नेमके त्या शब्दासाठी होते. साडेसात वर्षांच्या कारकिर्दीनंतर, 14 जानेवारी 1957 ला ते घरी गेले. मे महिन्यात बँकेचा जाहीर दर रीतसर चार टक्के झाला!

रामा रावांची एक गोष्ट मात्र नजरेत भरते. त्यांनी सारे कागदावर ठेवले. त्याचे मोल वर्षभरातच कळले.

अर्थखात्याचे मुख्य सचिव होते एच. एम. पटेल. नव्या आयुर्विमा महामंडळाने 1957 च्या जूनमध्ये हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत ते प्रकरण बाहेर काढले आणि मुंबईत न्यायमूर्ती छागलांपुढे उघड चौकशी झाली. मंत्र्यांची संमती होती, असे पटेलांचे म्हणणे. मंत्र्यांनी कानांवर हात ठेवले. संमती तोंडी! फायलीत शोधायला जावे तर मंत्र्यांची सही नाही. छागलांनी निर्वाळा दिला, की सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींना जावे लागले. पण पटेलांचीही सरकारी नोकरी त्या वादळात संपली. मंत्री 1963 मध्ये पुन्हा अर्थखात्यात परतले. सचिवाला फायलीकडे परतता आले नाही.

ते गुजरातेत वल्लभ विद्यानगरला शिक्षणसंस्थांच्या कामात रमले, मग राजकारणात शिरले. आणि 1977 मध्ये मोरारजींच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री कोण झाले? हेच एच. एम. पटेल! जानेवारी 1978 मध्ये सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. त्या वेळी गव्हर्नर होते आय. जी. पटेल. या पटेलांना तो निर्णय काही पटलेला नव्हता.