सही कोणाची, कर्ज कोणाचं?

आज आम्ही बोलणार आहोत प्रॉमिसरी नोटबद्दल, म्हणजे वचनचिठ्ठीबद्दल. आपल्यापैकी कितीतरी जणी बचत गटाच्या अध्यक्ष किंवा सचिव आहेत, काही जणी शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक आहेत. कर्ज घेताना सह्या आपणच करतो. मग हप्ते थकले, तर वसुली कोणाच्या दारात येणार? कंपनीच्या, की आपल्या?

‘अमुक रक्कम बिनशर्त देईन’ असं लिहून सही केलेला कागद म्हणजे वचनचिठ्ठी. चेक बाउन्सचे खटले ज्या 1881 च्या कायद्यानं चालतात, तोच कायदा हिलाही लागू आहे. त्याचं कलम 28 सांगतं की, आपण दुसऱ्याच्या वतीनं सही करतोय, किंवा आपली स्वतःची जबाबदारी नाही, हे त्या कागदावरच दाखवलं नाही, तर पैसे सही करणाऱ्यालाच द्यावे लागतात. ‘कंपनीच फेडेल, तुम्ही फक्त सही करा’ असा भरवसा देऊन ज्यानं सही घेतली, त्याला मात्र तुमच्याकडून वसुली करता येत नाही. पण तोंडी दिलेला भरवसा सिद्ध करणं अवघड असतं.

नुसता हुद्दा लिहूनही भागत नाही. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळची गोष्ट. महाराजा किशनप्रसाद यांच्या खाजगी खजिन्याच्या कारभाऱ्यानं हुंड्यांवर आपलं नाव घातलं आणि सोबत हुद्दा लिहिला. सावकारानं महाराजांवर दावा लावला. 1918 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला, की ज्याच्यावर जबाबदारी टाकायची त्याचं नाव कागदावर स्पष्ट दिसलं पाहिजे. महाराज सुटले. भार राहिला तो सही करणाऱ्यावर.

म्हणून सहीच्या वर कंपनीचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि पुढे ‘करिता’ लिहा. मग सही, आणि सहीखाली ‘संचालक’. मजकुरात ‘मी देईन’ नको, ‘कंपनी देईल’ हवं. संचालक मंडळाचा ठराव आधीच झालेला असू द्या. कोऱ्या स्टॅम्पच्या कागदावर सही तर कधीच नको, कारण त्यावर रक्कम भरायचा अधिकार आपणच समोरच्याला देऊन बसतो.

एवढं करूनही एक वाट उघडी राहते, ती वैयक्तिक हमीची. मुंबईच्या उपनगरात, अंधेरीच्या एक स्टेशन अलीकडे विलेपार्ल्याला, किंगफिशर एअरलाइन्सची किंगफिशर हाऊस ही इमारत होती. 2012 मध्ये विमानं थांबली. बँकांनी इमारत लिलावात काढली, पण अनेक वेळा गिऱ्हाईक मिळालं नाही. शेवटी ती 2021 मध्ये विकली गेली. कर्ज कंपनीचं होतं, पण ‘कंपनीनं फेडलं नाही तर मी फेडीन’ अशी हमी विजय मल्ल्या यांनी स्वतः दिली होती. म्हणूनच जानेवारी 2017 मध्ये बंगळूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणानं 6,203 कोटी रुपये आणि त्यावरचं व्याज मल्ल्या आणि त्यांच्या कंपन्यांकडून वसूल करायला बँकांना मोकळीक दिली.

आपली रक्कम लाखातली असेल, पण नियम तोच. कर्जाच्या गठ्ठ्यात ‘हमीपत्र’ किंवा ‘जामीनदार’ हा शब्द दिसला, की हात थांबवा आणि विचारा: ही सही कंपनीची, की माझी स्वतःची?

बचत गटाचं मात्र वेगळं आहे. नोंदणी न केलेला गट कायद्यापुढे कंपनीसारखी वेगळी व्यक्ती नसतो. त्यामुळे गटाच्या शिक्क्याची ढाल दोघी-तिघींना पुरत नाही. कर्जाचा ठराव सगळ्या जणींच्या सह्यांनी वहीत नोंदवा आणि कोणी किती पैसे उचलले तेही लिहा, म्हणजे सगळ्यांचं ओझं सही करणाऱ्या दोघींच्या डोक्यावर येणार नाही.

सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा. वाचता येत नसेल, तर वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका. साहेब घाईत असतील, तर असू देत.