कानांत सांगितलेलें नांव

बारशाच्या दिवशीं आत्या पाळण्यावर ओणवून बाळाच्या कानांत त्याचें नांव सांगते आणि भोवतालच्या बायका हंसत तिच्या पाठीवर धपाटे घालतात. तें नांव बाळाला खरोखर ऐकूं आलें कीं नाहीं, हा प्रश्न त्या गडबडींत कोणासच सुचत नाहीं. पण तो विचारण्याजोगा आहे. दर हजार नवजात बालकांपैकीं एक ते तीन बालकांस कायमचा श्रवणदोष असतो, आणि त्यांपैकीं सुमारें निम्म्यांच्या बाबतींत संशय घेण्यास कांहींच कारण दिसत नाहीं.

आपल्या घरांतून एक जुनी परीक्षा चालत आली आहे. आजीबाई पाळण्यामागें थाळी वाजवितात. मूल दचकलें कीं सर्वांचें समाधान होतें. परंतु अर्धवट ऐकूं येणारें मूलहि मोठ्या आवाजानें दचकतें. आणि पूर्ण बहिरें मूलहि पहिले कांहीं महिने हुंकार देतें. पुढें दोन वर्षांनींहि शब्द फुटला नाहीं, तर ‘त्याचा बापहि उशिरांच बोलला’ असें म्हणून आणखी एक वर्ष जातें.

खरी परीक्षा सोपी आहे. निरोगी अंतःकर्ण आवाज ऐकतांच स्वतःहि अतिसूक्ष्म ध्वनि उमटवितो, हें लंडनच्या डेव्हिड केंप यांनीं १९७८ सालीं दाखविलें. बाळ निजलें असतां कानाशीं मऊ बोंडी ठेवून यंत्र तो ध्वनि टिपतें. ना सुई, ना वेदना. काम कांहीं मिनिटांचें. अतिदक्षता विभागांत राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बालकांच्या श्रवणतंतूंची तपासणी मात्र निराळ्या यंत्रानें करावी लागते.

माझगांवांत मूकबधिरांची शाळा १८८५ सालीं निघाली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांतहि जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मग अडतें कोठें?

पुष्कळदां आपल्या घरींच. पहिल्या चांचणींत ध्वनि टिपला गेला नाहीं, तर तें बहिरेपण नव्हे; जन्मवेळचा ओलावा कानांत राहिल्यानेंहि तसें होतें. म्हणून पुन्हां बोलावितात. पण बाळंतीण परळच्या सूतिकागृहांतून गिरगांवांत माहेरीं येते आणि तिसऱ्या महिन्यांत दादरला सासरीं जाते. कागद माहेरच्या कपाटांत राहतो, बाळ सासरच्या पाळण्यांत! चांचणी पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत व्हावा, असें तज्ज्ञ सांगतात. कारण भाषेचा पाया याच काळांत पडतो. नेमके तेच दिवस दोन घरांच्या मध्यें हरवतात.

तेव्हां बारशाच्या यादींत घुगऱ्या नि आंगडें-टोपडें यांच्या जोडीनें या कागदाचीहि चौकशी असावी. आणि ती, नांव सांगणाऱ्या आत्येनेंच करावी.