परदेशी दत्तक-पालकांच्या मनातला जालना

जालन्यासारख्या जिल्ह्यात जन्मलेले मूल युरोपात किंवा अमेरिकेत दत्तक गेले म्हणजे त्याच्या जन्मभूमीविषयी पालकांच्या मनात जे चित्र ठसते, त्यात भेगाळलेली जमीन, उपाशी माता आणि वेळीच झालेली मुलाची सुटका एवढेच बहुधा असते; आणि ते सद्भावनेने रेखाटलेले असल्यामुळेच पुसणे कठीण जाते.

दुष्काळ खोटा नव्हे. २०१३ साली या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. परंतु ज्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले ती याच मातीतली. जागतिक अन्न पुरस्काराचे १९९८ चे मानकरी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढली ती येथेच. लोखंडी सळईचे कारखाने येथलेच. आणि ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण काही कंगाल मुलखाविषयी रूढ झालेली नाही.

दुसरा समज अधिक खोल आहे: आईने मूल सोडले ते केवळ दारिद्र्यापोटी. दारिद्र्य हे एक कारण खरेच. तथापि १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडले, ते भुकेल्यांसाठी नव्हे, तर ज्यांच्या पुनर्विवाहास समाजाची मनाई होती अशा गरोदर विधवांसाठी. आणि अशाच एका विधवेच्या पुत्राला, यशवंताला, त्या दांपत्याने दत्तक घेतले. अब्रूच्या भयाने आईपासून तोडलेल्या मुलाला ‘तुझ्या देशात अन्न नव्हते’ असे सांगणे, माझ्या मते, त्या आईवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

‘भारतात याला कोणी घेतलेच नसते’ असेही सांगितले जाते. वस्तुतः २०२३-२४ मध्ये देशात दत्तक गेलेल्या ४,००९ मुलांपैकी केवळ ४४९ परदेशी गेली. मात्र वयाने मोठी, किंवा विशेष उपचारांची गरज असलेली मुले मोठ्या प्रमाणात बाहेर जातात, हे आपल्याकडील पालकांच्या निवडीला भूषणावह नाही.

मूल सरकारदप्तरी नोंद न होता कोणाच्या तरी हाती सोपवले जाते, हा समज तर आजच्या कायद्याला धरून नाहीच. स्वेच्छेने मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. टाकलेल्या मुलाच्या माता-पित्यांचा शोध घेऊनच बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मुक्त ठरवते. आणि सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. या प्रक्रियेतल्या कागदपत्रांमुळेच मुलाला पुढे मुळांचा शोध घेता येतो: अठरा वर्षांपर्यंत पालकांसह, त्यानंतर स्वतः, मात्र जन्मदात्रीच्या गोपनीयतेला बाध न आणता, आणि तिऱ्हाइतामार्फत कदापि नाही.