चालतं जातं

1980 साली मी सून होऊन पिशोरला आले, तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात हे जातं होतं. आजही ते तिथंच आहे. मधल्या पंचेचाळीस वर्षांत माळवद जाऊन स्लॅब पडला, चुलीशेजारी गॅस आला, पाट्याजवळ मिक्सर आला. जातं जागचं हललं नाही. पण नुसतं पडून असलेलं जातं पुष्कळ घरांत सापडेल, कुठं त्यावर तुळस ठेवलेली, कुठं ते दाराची पायरी झालेलं. आमचं अजून दळतं. ते दळतं राहावं म्हणून या वर्षांत काय काय करावं लागलं, ते आज लिहून ठेवावंसं वाटतं.

जातं आणलं आजेसासऱ्यांनी. निजामाचं राज्य जायच्या आधी, म्हणजे 1948 च्या अगोदर, महाशिवरात्रीला वेरूळच्या यात्रेतून ते बैलगाडीत घालून आणलं, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घृष्णेश्वराच्या शेजारच्या डोंगरात कैलास लेणं ज्या काळ्या पाषाणातून कोरलं, त्याच जातीचा हा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. आमचा सारा कन्नड तालुका याच दगडावर वसलाय. विहीर खणताना हाच लागतो, बांधही याचेच.

मी नवी होते तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला स्वयंपाकाच्या आधी जातं समजावून दिलं. खालची तळी बसलेली, तिच्या मधोमध खीळ. वरची तळी फिरती, तिच्या तोंडात एक लाकडी पट्टी, ती खिळीवर टेकते. कडेला बाभळीचा खुंटा. पीठ बारीक हवं तर वरची तळी खाली बसू द्यायची. डाळ भरडायची तर खिळीला चिंधीचे दोन वेढे द्यायचे, तळी तेवढीच उचलली जाते आणि दाण्याचा चुरा न होता दोन फाका होतात. सगळी करामत त्या चिंधीत. पुढं किती वेढे द्यायचे ते माझ्या बोटांनाच कळायला लागलं.

बाकीचे नियम त्यांनी धाकासारखे सांगितले. रिकामं जातं फिरवू नये, घरावर कर्ज होतं. जातं उष्टं ठेवू नये, म्हणजे तोंडात दाणे राहू देऊ नयेत. जात्याला पाणी लावू नये. मी मुकाट्यानं पाळत गेले आणि कारणं हळूहळू उमगली. रिकामं फिरवलं की दगडावर दगड घासून टाके, म्हणजे छिन्नीनं पाडलेल्या खाचा, झिजतात. दाणे राहिले की सोंडे होतात, रात्री उंदीर येतात. पाणी लागलं की टाक्यांत अडकलेल्या पिठाची खळ होऊन ती घट्ट बसते, आणि पुढच्या दळणाला आंबूस वास येतो. म्हणून दळण झालं की शिंदीच्या कुंच्यानं झाडायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वर धडपा टाकायचा.

तोवर गावात पिठाची गिरणी आली होती. डिझेलच्या इंजिनाचा पुक् पुक् आवाज शिवारातही ऐकू यायचा, आणि तो ऐकला की बाया दळणाचे डबे काढायच्या. त्या आवाजानं बायकांवर केवढे उपकार केले, हे विसरून जात्याचं कौतुक करू नये. माझ्या माहेरी, सिल्लोडकडं, 1972 च्या दुष्काळात मी लहान होते. माय दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी रात्री जात्यावर दळायची, कारण गिरणीला द्यायला पैसा नव्हता. तिच्या तळहाताला हातोड्याचे फोड होते. त्याच हातात खुंटा. ती ओवी म्हणायला सुरुवात करायची आणि मधेच तिचा आवाज थांबायचा, जातं मात्र फिरत राहायचं. मला ते अजून ऐकू येतं.

म्हणून आमच्या घरी रोजचं दळण गिरणीत गेलं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बाजरीचं मात्र वेगळं होतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचं पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतं. पावसाळ्यात गिरणी बंद पडली किंवा पाहुणे आले की आत्याबाई पहाटे शेर-दोन शेर बाजरी जात्यावर काढायच्या. त्या ताज्या पिठाची भाकरी तव्यावर टम्म फुगायची. आणि डाळी तर सगळ्या घरच्याच, जात्यावर भरडलेल्या.

वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्यात लग्नसराईच्या तोंडावर, टाकीवाली यायची. गल्लीच्या टोकाशीच तिची हाक ऐकू यायची, ‘टाकी लावायची का, जात्याला, पाट्याला, टाकीऽऽ!’ पाथरवटाच्या घरची बाई, कडेवर लेकरू, पिशवीत छिन्नी आणि हातोडी. वरची तळी आम्ही दोघी मिळून उचलून पालथी घालायचो. ती आधी दगडावर तळहात फिरवायची. जिथं हात सरकून जाई, तिथं दगड बोथट झालेला. मग टक् टक् टक्, मधून कडेकडे एकसारखे टाके. आत्याबाई शेजारी बसून म्हणायच्या, ‘लई खोल नको मारू बाई, दगड खाल्ल्यावाणी होतो.’ ती न बघता उत्तर द्यायची, ‘उथळ मारले तर दिवाळीच्या आत परत मलाच बोलवाल.’ दगड पोळल्यासारखा एक वास सुटायचा. शेवटी ती पुन्हा तळहात फिरवायची. हात अडला की काम झालं. तिला मजुरी म्हणून ज्वारी, भाकरी, आणि लेकराला गूळ.

टाकी लावल्यावर लगेच घरचं दळण घालायचं नाही. आधी कोंडा, मग मूठ-दोन मुठी भरड ज्वारी दळायची. दगडाची कच त्यात निघून येते, ते सगळं फेकायचं. तिसऱ्या खेपेचं पीठ चिमटीत घेऊन दाताखाली धरायचं. कचकच लागली नाही तरच घरचं दळण.

नव्वदच्या दशकात टाकीवालीच्या फेऱ्या विरळ झाल्या. घरोघरी मिक्सर आले, पाटे अंगणात गेले, तिच्या हाकेला ओ देणारं दार उरलं नाही. एका उन्हाळ्यात ती आली नाही आणि पुढं कधीच आली नाही. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्याची खंत आजही आहे.

दोन वर्षं जातं बोथट होत गेलं. डाळ फुटेना, नुसती चेपायची. तेव्हा मीच गवंड्याची छिन्नी आणून बसले. घाव खोल पडले, एका जागी कपचा उडाला, आणि त्या वर्षीच्या हरभऱ्याच्या डाळीत खडे आले. दगड पारखायला माझे हात शिकलेले नव्हते. खुंटा मोडला तर सुतार नवा करून देतो, चिंधी घरात मिळते, पण टाकी ज्याच्या हातात होती तो हातच गेला की जातं चांगलं असूनही मुकं होतं.

ओव्यांचंही तसंच होऊ घातलं होतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, मग जातं सुटल्यावर ओवी कुठून येणार? हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या लिहून घेतल्या, पुढं बर्नार बेल यांच्या साथीनं कितीतरी ध्वनिमुद्रितही केल्या. 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरात त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं हा ठेवा लोकांपुढं आणला. नातवानं मला त्यातल्या काही मोबाइलवर ऐकवल्या. गळा अनोळखी होता, पण ओळीच्या शेवटी ओढलेला सूर माझ्या मायचाच होता. ओव्या वेळेवर कुणीतरी टिपल्या. टाकीवालीच्या हातातलं मात्र टिपून ठेवायला कुणी आलं नाही.

म्हणून ते जमेल तेवढं मी घरात ठेवलं. दोन-तीन उन्हाळे हात बसवला, घाव हलका झाला, उडालेला कपचा झिजून सपाट झाला. आता दर वर्षी तूर निघाली की तिला तेलपाणी लावून रात्रभर झाकते, उन्हात वाळवते आणि जात्यावर भरडते. लग्नात जात्याला हळकुंड-सुपारी बांधून पाच सुवासिनी हळद दळतात, तेव्हा गल्लीतल्या बाया आमच्याच ओसरीवर येतात, कारण दळणारं जातं इथंच आहे.

यंदा मी छिन्नी सुनेच्या हातात दिली. गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून मी खुर्चीवर होते. तिनं मधून कडेकडे टाके घातले, कोंडा दळून फेकला, पीठ दाताखाली धरून पाहिलं. टाके घालून झाल्यावर, कोंडा दळायच्या आधी, एक गोष्ट तिनं केली होती, जी मी तिला सांगितली नव्हती. हातोडी खाली ठेवून ती दगडावर सावकाश तळहात फिरवत होती. मधेच हात अडला आणि ती थांबली. मी विचारलं, ‘झालं?’

ती म्हणाली, ‘झालं आत्याबाई. अडतोय.’