नाव लागले म्हणजे वारसा मिळाला काय?

मनुष्य जन्मभर कष्ट करून घर उभारतो, चार पैसे शिल्लक टाकतो, मुलांची शिक्षणे आणि लग्नकार्ये उरकतो. परंतु आपल्या पश्चात या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी, हे दोन ओळींत लिहून ठेवण्याचे मात्र टाळतो. मृत्युपत्राचे नाव काढणे अशुभ, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाही. हिच्या जोडीला अलीकडे दुसरी एक समजूत रूढ झाली आहे. बँकेत, गृहनिर्माण संस्थेत नॉमिनी म्हणून कोणाचे तरी नाव दिले, की मृत्युपत्राची गरज उरत नाही, असे पुष्कळांस वाटते. पहिली समजूत केवळ भाबडी आहे. दुसरी घातक आहे.

उदाहरणादाखल अंबरनाथच्या बुवापाड्यातील एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. कारखान्यातून निवृत्त झालेला कर्ता पुरुष, त्याची पत्नी, वृद्ध आई, दोन मुलगे आणि सासरी गेलेली एक मुलगी. राहते घर व बँकेतील ठेवी त्याच्या स्वकमाईच्या. शिवाय मुंबईस घेतलेली एक लहानशी मालकीची जागा. व्यवहार समजतो म्हणून सर्वत्र नॉमिनी नेमला थोरला मुलगा. उद्या हा गृहस्थ मृत्युपत्र न करिता वारला, तर मालक कोण? थोरला मुलगा, असे उत्तर बहुतेक लोक देतील आणि ते चुकीचे ठरेल.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, आणि हा कायदा बौद्ध, जैन व शीख यांसही लागू आहे, अशा पुरुषाची पत्नी, आई, मुलगे आणि मुलगी हे सर्व पहिल्या वर्गातील वारस होत. येथे पाच वारस आहेत, म्हणून प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. थोरल्यास पाचवा, तसाच सासरी गेलेल्या मुलीसही पाचवा. वृद्ध आईचा हिस्सा तर हिशेबातून हमखास विसरला जातो. परंतु याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. जिने चाळीस वर्षे त्या घरात चूल पेटविली, त्या पत्नीचाही कायद्याने पाचवाच हिस्सा. उरलेल्यांनी वाटणीचा आग्रह धरला, तर उतारवयात तिच्या डोक्यावरचे छप्पर इतरांच्या मर्जीवर राहणार. मृत्युपत्राचे खरे प्रयोजन श्रीमंतांच्या इस्टेटीत नसून अशा एकाच घरात आहे.

मग नॉमिनी कोण? तो विश्वस्ताप्रमाणे असतो. खातेदार वारल्यावर पैसे कोणाच्या हाती द्यावे, या पेचातून बँकेची सुटका व्हावी एवढ्यासाठी त्याची नेमणूक असते. पैसे त्याच्या हाती आले तरी ते ज्यांचे त्यांस पोहोचविणे त्याचे कर्तव्य ठरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. परंतु त्यांची संख्या वाढली म्हणून अधिकाराचे स्वरूप पालटत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांतही खरे वारस निश्चित होईतो नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. आयुर्विम्याच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पतिपत्नी व मुले या नॉमिनींस निराळे स्थान दिले आहे; तेथे वकिलाचा सल्ला घेणेच इष्ट.

या प्रश्नाचा निकाल ज्या खटल्यात लागला, तो मराठी घरांस परिचित असलेल्या एका नावाशी निगडित आहे. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेचे संस्थापक जयंत साळगांवकर यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केले होते. त्याखेरीज काही गुंतवणुकींस त्यांनी नॉमिनीही नेमले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते निवर्तले. पुढे प्रश्न निघाला, की या गुंतवणुकी नॉमिनींच्या मालकीच्या झाल्या, की वारसांच्या? कंपनी कायद्यातील शब्दरचनेवरून शेअर नॉमिनीकडेच निहित होतात, असा अर्थ २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी लावला होता. १ डिसेंबर २०१६ रोजी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो अमान्य केला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचे मत कायम केले. नॉमिनी नेमल्याने वारसाहक्क बदलत नाही; तो मृत्युपत्राने किंवा वारसाच्या कायद्याने ठरतो, हे आता निर्विवाद झाले आहे. मृत्युपत्र लिहिलेले असूनही एका मुद्द्याचा उलगडा होण्यास दहा वर्षे लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नॉमिनीची नावे आणि मृत्युपत्रातील नावे यांचा मेळ घालून ठेवावा, हा त्यातील व्यावहारिक धडा होय.

मृत्युपत्र करणे मात्र समजतात तितके अवघड नाही. त्यास स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणीही सक्तीची नाही. तरी नोंदणी केल्यास पुढील शंकांस काहीसा आळा बसतो. करणाऱ्याने शुद्धीवर असताना, स्वखुशीने, सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष साक्ष घालावी. साक्षीदारांस मजकूर ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. ते वयाने लहान असावेत, कारण उद्या न्यायालयात त्यांपैकी एकास तरी उभे राहावे लागेल. ज्यास मिळकत मिळावयाची, त्यास साक्षीस बसवू नये. करणारा वृद्ध असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. एखाद्या वारसास कमी द्यावयाचे असेल, तर त्याचे कारण लिहावे. न लिहिलेल्या कारणातून तंटे उपजतात. व्यवस्था पाहण्यास एक विश्वासू व्यवस्थापक नेमावा. मन बदलले तर मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. शेवटचे तेच खरे. मुसलमान कुटुंबांत मृत्युपत्राने सामान्यतः एकतृतीयांशापेक्षा अधिक मिळकत देता येत नाही, हा भेद लक्षात ठेवावा.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाने दिलेला दाखला. हिंदूंच्या बाबतीत, मुंबईत केलेल्या अथवा तेथील स्थावराविषयीच्या मृत्युपत्रास १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने तो सक्तीचा होता. बुवापाड्यातील घरास मात्र ठाणे जिल्ह्यात असल्याने ही सक्ती नव्हती. एकाच मृत्युपत्रातील दोन घरांस दोन न्याय, असा हा प्रकार होता. २०२५ च्या अखेरीस संसदेने ते कलम काढून टाकले. तरीही तंट्याचा संभव असेल, तर प्रोबेट घेणे हिताचेच.

मूल अपंग किंवा अजाण असेल, तर मिळकत थेट त्याच्या नावे न करता मृत्युपत्रानेच खासगी विश्वस्तनिधी स्थापन करता येतो. आणि स्त्रियांनीही मृत्युपत्र करावे. अपत्यहीन विधवा मृत्युपत्रावाचून वारली, तर तिने स्वतः मिळविलेले धनही तिच्या आईवडिलांआधी पतीच्या वारसांकडे जाते.

बुवापाड्याच्या त्या गृहस्थाने घर पत्नीस हयातभर राहण्यास आणि तिच्या मागे तिन्ही मुलांस सारखे, एवढे लिहून दोन साक्षी घातल्या, तर बहुतेक प्रश्न जागच्या जागी मिटतात. आईच्या निर्वाहाची तरतूद त्याच कागदात बसते. थोरला मुलगा नॉमिनी राहिला तरी बिघडत नाही. आपल्या हाती आलेले कोणाचे आहे, हे त्यास आणि इतरांस लेखी ठाऊक असते.