इंजिनापेक्षा कागद महाग

अवसरी बुद्रुकच्या पारावर जाऊन कुणी म्हणालं, "अमेरिकन मसल कार विकायचीय," तर पहिला प्रश्न येणार, "ॲव्हरेज किती?" लिटरला चारेक किलोमीटर, हे ऐकून निम्मी मंडळी उठतील. उरलेल्यांतला एखादा जाणता विचारेल, "कागद क्लिअर आहेत ना?" या गाड्यांचा सगळा बाजार त्याच प्रश्नावर चालतो. रंग, चकाकी आणि इंजिनाची गुरगुर यांचा नंबर नंतर लागतो.

सेकंदांचा खेळ

मसल कार ही काय चीज आहे, हे आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला चटकन कळतं. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सुटते आणि सगळ्यांचे डोळे घड्याळावर. अमेरिकेत घाटाऐवजी पाव मैलाचा, म्हणजे 402 मीटरचा सरळ रस्ता. उभ्या जागेवरून सुटायचं आणि सेकंदाच्या अपूर्णांकावर हार-जीत. गाडी वळणावर कशी वागते, ब्रेक कधी लागतो, याची फारशी कुणाला फिकीर नव्हती.

नियमाला बगल

जनरल मोटर्सचा नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत साधारण 5.4 लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्याच कंपनीच्या पोंटियाक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी शक्कल लढवली. 6.4 लिटरचं इंजिन नव्या मॉडेलमध्ये न देता जुन्याच 'टेम्पेस्ट' गाडीवर 'जादा पैसे भरून मिळणारी सोय' म्हणून दिलं. तीच 1964 ची जीटीओ. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी 32,450 गेल्या. त्याच वर्षी 17 एप्रिलला फोर्डची मस्टँग आली.

पुढे क्रायस्लरचं 426 हेमी आलं. सात लिटरचं इंजिन! मारुती 800 चं 796 सीसी, म्हणजे एका बॉनेटखाली जवळजवळ नऊ मारुत्या. क्रायस्लरच्याच प्लायमाउथने 'रोड रनर' हे कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सला 50 हजार डॉलर मोजले आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा 'बीप-बीप' वाजणारा करून घेतला. रंगांची नावं तर 'गो मँगो', 'व्हिटॅमिन सी', 'प्लम क्रेझी'. मग प्रदूषणाचे कायदे आले, विम्याचे हप्ते चढले, 1973 मध्ये तेल पेटलं आणि हा पोरखेळ आटोपला.

सीटखालचा खजिना

आता मुद्द्याचं. 1969 ते 1971 च्या शेव्हर्ले शेव्हेलमध्ये 'एसएस' हा महागडा प्रकार म्हणजे वेगळं मॉडेल नव्हतंच, तोही वरून घेतलेला पर्याय होता. त्यामुळे चासी नंबर वाचून गाडी खरी एसएस आहे की साध्या शेव्हेलवर बिल्ले चिकटवलेत, हे सांगता येत नाही. दिसायला दोन्ही डिट्टो, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. निवाडा करणार फक्त कागद.

कागद मिळवायच्या तऱ्हाही कंपनीगणिक वेगळ्या. पोंटियाकसाठी पीएचएस नावाची संस्था मूळ बिलिंगच्या नोंदीची प्रत देते. फोर्डची 1967 पासूनची उत्पादनाची माहिती केव्हिन मार्टी यांच्याकडे आहे. त्यांचा 'मार्टी रिपोर्ट' जोडला की गिऱ्हाईक निम्मं पटलं म्हणून समजा. क्रायस्लरवाल्यांची गंमत न्यारी. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक 'ब्रॉडकास्ट शीट' फिरायची: इंजिन कुठलं, रंग कुठला, एक्सल कुठला. काम संपलं की कामगार ती कुठेही कोंबायचे, कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, कधी ग्लोव्ह बॉक्सच्या वर. पन्नास वर्षांनी कुणीतरी सीट उसवतो आणि त्या तेलकट चिटोऱ्यापायी गाडीचा भाव चढतो. उंदरांनी आधी खाल्ला नसेल तर.

दुर्मीळपणाची कमाल बघायची तर 1971 ची प्लायमाउथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल. बनल्या जेमतेम 11. त्यातली एक 2014 मध्ये लिलावात 35 लाख डॉलरला गेली.

एक पत्र, 37 लाख डॉलर

1968 च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली हिरवी मस्टँग 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या रॉबर्ट कीर्नन यांनी मासिकातली छोटी जाहिरात बघून 6 हजार डॉलरला घेतली. घरची गाडी म्हणून वापरली. त्यांच्या पत्नी त्याच गाडीने शाळेत शिकवायला जायच्या. 1977 मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र धाडलं की गाडी मला परत हवी. कीर्नन यांनी दाद दिली नाही. पत्र मात्र जपून ठेवलं. जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडात मेकम कंपनीच्या लिलावात ही गाडी शुल्कासह 37 लाख 40 हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या हिशेबात 26 कोटी रुपयांच्या वर. नवा रंग नाही, नवी सीट नाही. ओरखडे आणि पत्र हीच तिची श्रीमंती. ज्याला डेंटिंग-पेंटिंगची घाई असते, त्याने हा किस्सा दोनदा वाचावा.

अमेरिका इथून लांब नाही

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1947 पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या: डॉज, प्लायमाउथ, डिसोटो. यातल्या काही तर एकच पत्रा, फक्त बिल्ला वेगळा. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या दोघी मुळात प्लायमाउथच! त्याआधी 1928 पासून जनरल मोटर्स शिवडीत शेव्हर्ले जोडत होती. तिचीच शेव्हर्ले पुढे 2008 पासून आपल्या पुणे जिल्ह्यात तळेगावला बनली. तो कारखाना 2020 च्या अखेरीस थांबला आणि आता ह्युंदाईकडे गेला. प्लायमाउथच्याच खानदानात पुढे येऊन मिळालेली जीप आज अवसरीच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला बनते. आणि अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑटोमोबाइल शाखा आहे. तिथल्या पोरांनी एखादी जुनी डॉज उघडून बघावीच.

ऐन साठ-सत्तरच्या दशकात आयातीवर कुलूप होतं, म्हणून खऱ्या मसल कार आपल्याकडे फारशा आल्याच नाहीत. ज्या मोठ्या अमेरिकन गाड्या फिरल्या, त्यांतल्या बऱ्याच वकिलातींनी वापरून सोडलेल्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेलेल्या. कपाटाच्या तळाशी तो विक्रीचा कागद असेल तर लॅमिनेशन करू नका, तसाच ठेवा. मस्टँग अधिकृतपणे भारतात आली ती 2016 मध्ये, 65 लाखांना.

'अलबेला'वाले भगवानदादा यांच्याकडे आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या होत्या आणि पडत्या काळात त्या विकाव्या लागल्या, असं सांगतात. त्यांच्या नावाचं एखादं आरसी बुक आज सापडलं तर काय भाव येईल, कल्पना करा.

विकायची तर

इथल्या जुन्या गाड्यांचं मोठं दुखणं म्हणजे इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी आठ सिलिंडरचं धूड काढून डिझेल इंजिन बसवलं. अशी गाडी पळते झकास, पण 'मॅचिंग नंबर', म्हणजे गाडीशी जुळणारा मूळ इंजिनाचा नंबर, गेला. मूळ इंजिन गोठ्यात पडलं असेल तर भंगारवाल्याला हाक मारू नका. आरसीवर इंजिन बदलाची नोंद आहे का, रंग तोच आहे का, हे आधी पाहा. आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढा. मालक कोण-कोण झाले ते त्यात दिसतं. गॅरेजची बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो तारीखवार लावा. गिऱ्हाईक चुंबक घेऊन आलं तर रागावू नका. जिथे चुंबक चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे, हे त्याला ठाऊक असतं. व्यवहार ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, त्यामुळे आपल्या भागाची 'एमएच-14'ची ओळख तिच्यावर दिसत नाही. ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. मंचरच्या बाजारातून कांदा-बटाटा आणायला मात्र नाही. रोजच्या वापराला तिला मनाई आहे.