डिझाइन कधी शिकवायचं? पहिल्याच आठवड्यात!

प्रोग्रामिंग शिकायला येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीलाच वीजबिलाचा प्रोग्रॅम लिहायला देतो. १०० युनिटपर्यंत एक दर, पुढे दुसरा. बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं. मग मी म्हणतो, "दर बदलला!" खरी शिकवणी इथे सुरू होते. तो आकडा कोडमध्ये पाच ठिकाणी लिहिलेला असतो. चार ठिकाणी बदलतात, पाचवं राहून जातं आणि बिल चुकतं. दर एकाच जागी, 'पहिल्या_टप्प्याचा_दर' अशा नावाने ठेवायचा, हे मग वेगळं समजावावं लागत नाही.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या लेखात हेच मांडलं: प्रोग्रॅमचे भाग कामाच्या क्रमानुसार पाडू नका, जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका भागाच्या पोटात झाकून ठेवा. मला तरी याहून मोलाचा धडा माहीत नाही.

नावांबाबत मी फार आग्रही आहे. 'एक्स' तर नकोच, शक्य तिथे नावात एककही हवं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून हातचं गेलं. एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड फोर्स-सेकंदांत दिले होते, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. हे ऐकलं की मुलं आपणहून 'वेळ' खोडून 'वेळ_मिनिटांत' लिहितात.

इनहेरिटन्स, डिझाइन पॅटर्न वगैरे सावकाश येऊ दे. आधी एकच काम करणारं छोटं फंक्शन जमायला हवं. पुढच्या आठवड्यात मुलं एकमेकांचं कोड वाचणार आहेत, लिहिणाऱ्याला काहीही न विचारता.